अर्धाच पाहिलेला सिनेमा आवडत्यांच्या यादीत धरायचा का?

फेज_गेली | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथं पाच-सहा वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. टंकायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

भाच्याचा मुलगा पुण्यात सिनेमाचं काहीतरी शिकतो. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "आप्पा, तुमचे आजवरचे सगळ्यात आवडते दहा सिनेमे लिहून द्या. घरातल्या माणसांच्या याद्या जमवायच्यात." म्हटलं, त्यात काय, देतो. जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलो. सहा नावं झरझर उतरली आणि मग पेन अडकलं. कारण वरची दोन नावं अशी, की ती मनात बसली तेव्हा मी ते सिनेमे अर्धेच पाहिलेले होते. पोराला विचारलं, चालतं का रे? तो म्हणाला, "अर्धा पाहिलेला कसा धरणार आप्पा?" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

आधी हकिकत सांगतो.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस कमी, करमणूक त्याहून कमी. दिवाळी झाली की सिनेमाचा तंबू यायचा आणि पाऊसकाळाच्या आत गुंडाळून जायचा. माझे वडील, तात्या, गेटवर असायचे. तिकिटं फाडायची, कनातीखालून शिरणाऱ्या पोरांना हुसकायचं, बायकांच्या बाजूला कुणी गडी बसला तर उठवायचा. मालकाचा हुकूम कडक होता, स्वतःच्या पोरालाही फुकट सोडायचं नाही. पण इंटरव्हलला मालक गल्ला मोजून जेवायला बसायचा. तात्या म्हणायचे, "पयला अर्धा मालकाचा, दुसरा आपला."

त्यामुळं चौथीपर्यंत मी एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नाही. मला वाटायचं सिनेमा असाच असतो. आत शिरलं की भांडणं आधीच लागलेली, कुणाचा तरी बाप आधीच मेलेला, हिरोईन आधीच रडतेय. कोण कुणाचं कोण ते आपण अंदाजानं जुळवायचं. पहिल्या अर्ध्याला मी कनातीबाहेर बसून ऐकायचो, पण शेजारीच जनरेटर धडधडायचा. शब्द कमी, धूर जास्त.

'सामना' असा पाहिला. आत शिरलो तेव्हा एवढंच कळलं की एक दारुडा मास्तर एकच प्रश्न विचारत सुटलाय, "मारुती कांबळेचं काय झालं?", आणि त्या प्रश्नानं गावचा राजा हिंदुराव धोंडे-पाटील आतून हलतोय. डॉ. लागू आणि निळू फुले ही नावं मला तेव्हा माहीत नव्हती. हा मारुती कांबळे सुरुवातीला दाखवला असेल, सगळ्यांना माहीत असेल, फक्त आपल्यालाच माहीत नाही, असं समजून मी पोत्यावर सरकत सरकत तात्यांपाशी गेलो आणि विचारलं, "तात्या, मारुती कांबळे कोण?" तात्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. "गप. मोठ्यानं इचारू नगस."

कारण त्या रात्री आमच्या गावचे पुढारी आले होते. बाकी सगळे जमिनीवर आणि त्यांना पुढं एक लोखंडी खुर्ची. खेळ सुटल्यावर तात्या कनात वर धरून उभे होते. पुढारी वाकून बाहेर पडले, रोज "काय रं, बरा हाय न्हवं?" म्हणायचे, त्या रात्री काही बोलले नाहीत. घरी येताना मी परत विचारलं. तात्या म्हणाले, "सिनेमातला हाय त्यो." मग बरंच अंतर चालल्यावर म्हणाले, "सगळ्या गावात आस्तोय."

पहिला अर्धा मी पाहिला तो थेट नोकरी लागून दहा-बारा वर्षं झाल्यावर, पुण्यात मेहुण्याच्या घरी. आणि माझी पंचाईत झाली. कारण पहिल्या अर्ध्यात हिंदुराव आवडतो हो! रस्त्यावरच्या दारुड्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपलं राज्य हौसेनं दाखवतो. निळूभाऊंनी तो असा केलाय की त्याच्या वाड्यावर चार दिवस राहून यावंसं वाटतं. लहानपणी मी नुसता खलनायक पाहिला होता. आता कळलं, मास्तर ज्याचं मीठ खातोय त्यालाच तो प्रश्न विचारतोय. तेंडुलकरांनी लिहिलेली आणि जब्बार पटेलांनी काढलेली खरी गोष्ट ती आहे. १९७५ साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला होता म्हणे. तिथल्या लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे, त्यांना खुर्चीवर बसलेले पुढारी दिसले नसणार.

आता सांगा, माझा आवडता 'सामना' कुठला? पुण्यातला अख्खा, की तंबूतला अर्धा? मनाला विचारलं तर मन तंबूतला म्हणतं.

दुसरा 'माणूस', प्रभातचा, १९३९चा. याची उलटी तऱ्हा झाली. मी आयटीआयला होतो, खोलीमालकांकडं टीव्ही होता. शाहू मोडकांचा गणपत हवालदार आणि शांता हुबळीकरांची मैना. मैना 'कशाला उद्याची बात' म्हणते आणि एकेक कडवं वेगळ्या भाषेत गाते, तिथं खोलीमालकांच्या म्हातारीनंही ठेका धरलेला आठवतो. गणपत तिला सभ्य आयुष्यात आणू पाहतोय, आईपाशी घेऊन जातोय, आता सगळं बरं होणार, आणि लाइट गेली. ती रात्रभर आली नाही. तेव्हा मी शिकाऊ वायरमन होतो, नाहीतर पोलवर चढलो असतो.

पुढं सोळा-सतरा वर्षं माझ्या डोक्यात गणपत आणि मैनाचं लग्न झालेलं होतं. त्यांना पोरंबाळंही मीच दिली असतील. शेवटी सीडी मिळाली आणि बघतो तर मैना खून करून तुरुंगात, गणपत सोडवायला जातो तर ती येत नाही म्हणते. माझी बायको म्हणाली, "एवढं काय तोंड पाडून बसलाय, कुणी गेलं का?" कुणीतरी गेलंच होतं. शांतारामबापूंचा शेवट माझ्या शेवटापेक्षा शंभरपट खरा आहे, मान्य. तरी माझाही मी टाकून दिलेला नाही.

बाकीची चार नावं भरभर सांगतो. 'संत तुकाराम' वारीच्या बंदोबस्तात पाहिला. मी वायरमन, पालखीच्या मुक्कामाला तात्पुरत्या लाइनी ओढायचं काम आमच्याकडं. तरडगावला कुणीतरी पांढरं कापड बांधून सिनेमा लावला होता. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की म्हाताऱ्या हात जोडायच्या, आणि गौरीबाईंची आवली विठोबाला चपलेनं मारायला निघाली तेव्हा त्याच म्हाताऱ्या म्हणाल्या, "मार बाय, मार." हे पाहिल्यावर सिनेमावर आणखी काय बोलणार! 'अशी ही बनवाबनवी' मी आजतागायत सलग पाहिलेला नाही. फ्यूज बांधायला ज्या ज्या घरी गेलो तिथं तो चालू असायचा. पंचवीसेक घरांतून, खिडकीतून, शिडीवरून तुकड्या-तुकड्यांनी पाहिलाय. पाठ आहे, फक्त क्रम माहीत नाही. 'बायसिकल थीव्ज' भाचीनं दाखवला, इटलीचा, १९४८चा. खालच्या इंग्रजी ओळी वाचायला मी कमी पडलो म्हणून वाचणं सोडलं आणि सगळं कळलं. सायकल असेल तरच नोकरी, म्हणून घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवतात. माझी पहिली पाच वर्षं सायकलवरच गेली, दांडीला पोलवर चढायचा झुला आणि कॅरेजला वायरचं बंडल. आणि 'फँड्री'. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याच्या घरचे जागच्या जागी ताठ उभे राहतात, तिथं आमच्या थेटरात दोघंतिघं खुर्चीतून अर्धवट उठले आणि उठावं की बसावं न कळून तसेच ओणवे राहिले. ते ओणवे लोक मला शेवटच्या दगडाइतकेच आठवतात.

तर प्रश्न असा: अर्धा पाहिलेला, तुकड्यांत पाहिलेला, चुकीचा समजलेला सिनेमा आवडत्यांत धरायचा का? आणि तुमचाही असा एखादा आहे का?

---

चहाटळ | रविवार, रात्री १०.०५

धागा वाचला. अर्धाच. आवडला. धरायचा का?

(रागावू नका काका, उरलेला अर्धा आत्ता वाचला. वाचनखूण साठवली आहे. बनवाबनवी सलग पाहिलेला माणूस महाराष्ट्रात आहे का, याची गणना व्हायला हवी. मी सुद्धा 'सत्तर रुपये वारले' आधी ऐकलं आणि ते का वारले हे चार वर्षांनी कळलं.)

---

शेवटची_ओळ | रविवार, रात्री ११.३०

काका, लिहिलंय झकास, पण असहमत. तुमच्या भाच्याच्या मुलाच्या बाजूनं मी.

तुम्ही सांगताय ती तंबूची, तात्यांची, खुर्चीवरच्या पुढाऱ्यांची गोष्ट 'सामना'पेक्षा भारी आहे, यात वाद नाही. पण मग तुम्हाला आवडते ती रात्र. यादी सिनेमांची मागितलीय. उद्या मी म्हणेन, मला अमुक सिनेमा आवडतो कारण शेजारच्या खुर्चीवर अमुक बसली होती. (बसली होती. सिनेमा टुकार होता. यादीत नाही.)

दिग्दर्शक काय कुठं ठेवायचं याचा जीव तोडून विचार करतो हो. माझ्या यादीत पहिला 'कोर्ट' आहे, चैतन्य ताम्हाणेचा. २०१४ साली व्हेनिसला 'ओरिझोंती' विभागात सर्वोत्कृष्ट ठरला तो. म्हातारा लोकशाहीर नारायण कांबळे, त्याच्यावरचा अजब खटला, तारखांवर तारखा. शेवटाकडं न्यायालयाला सुटी लागते, शिपाई एकेक दिवा मालवतो, पडदा काळा होतो. मी ज्या खेळाला होतो तिथं लोक उठले, मोबाइल काढले, पार्किंगकडं निघाले. आणि मग सिनेमा पुन्हा सुरू होतो! न्यायाधीश साहेब सहलीला गेलेत. गप्पा मारतात, बाकावर बसल्या बसल्या डुलकी लागते, पोरं ओरडून उठवतात, आणि ते एका पोराच्या मुस्काटात देतात. संपला.

ज्यांनी तो शेवट पाहिला नाही त्यांनी न्यायव्यवस्थेवरचा एक चांगला, जरा संथ सिनेमा पाहिला. ज्यांनी पाहिला त्यांनी वेगळंच काहीतरी पाहिलं. दाराशी पोचलेले दोघं उभ्या उभ्या मागं वळून बघत होते, त्यांचं काय धरायचं ते तुम्ही सांगा.

तुमचं 'माणूस'चं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. तुम्हाला सोळा वर्षं जो आवडत होता तो सिनेमा कुणी काढलेलाच नव्हता!

---

आत्याची_भाची | सोमवार, सकाळी ६.५०

फेजदादा, मी बार्शीकडची. आमच्या तंबूत मधोमध कापड असायचं, अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. जत्रेत फारच गर्दी झाली की पोरींना पडद्याच्या मागं बसवायचे. कापडी पडदा, त्यामुळं मागूनही दिसायचं, पण उलटं. पाटी वाचता यायची नाही आणि सगळे डावखुरे. मी बरीच वर्षं समजत होते की सिनेमातले लोक डाव्या हातानं जेवतात आणि त्यांना कुणी रागवत नाही. मी स्वतः डावखुरी. घरात त्यावरून चापट्या खायचे. मला सिनेमा आवडायला लागला त्याचं कारण एवढंच आहे. आता ते यादीत कसं लिहायचं, शेवटची_ओळ यांनी सांगावं.

पण मला खरं सांगायचंय ते 'कुंकू'बद्दल. १९३७, प्रभातच. हा मी आत्याबरोबर पाहिला, टीव्हीवर. आत्या दुसरेपणाची होती. मामांची आणि तिची पंचवीस वर्षांची तफावत. 'कुंकू'त शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लावून दिलेलं लग्न मानायलाच तयार नसते. नवरा म्हणून त्याला जवळ येऊ देत नाही, त्याच्या वयात आलेल्या मुलानं आगाऊपणा केला तर त्याला फोडून काढते. मी कॉलेजातली, मला स्फुरण चढलं होतं. मी सारखी आत्याकडं बघत होते, तिला कसं वाटतंय म्हणून.

या सिनेमात पार्श्वसंगीत नाही, हे मला नंतर वाचून कळलं. जो आवाज आहे तो त्या घरातला, ग्रामोफोनचा, रस्त्यावरचा. नीरा इंग्रजी कवितासुद्धा म्हणते ती ग्रामोफोनच्या साथीवर. पण आत्याला ते वाचल्याशिवायच कळलं होतं. मध्येच म्हणाली, "किती शांत घर आहे गं. आमचंही असंच होतं. घड्याळ ऐकू यायचं."

आणि मग ती उठून आत गेली. कणीक भिजवायला. शेवट तिनं पाहिला नाही. मी हाक मारली तर म्हणाली, "तू बघ आणि सांग." मी सांगितला. तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे त्यालाच कळलं म्हण की शेवटी," एवढंच म्हणाली.

आत्याच्या आवडत्या सिनेमाचं नाव कुणी विचारलं की ती 'कुंकू' सांगायची. मी तिला कधी म्हटलं नाही की तू अर्धाच पाहिलायस.

---

कार्बनकांडी | सोमवार, दुपारी ३.१५

फेज_गेली साहेब, राम राम. आम्ही प्रोजेक्टरच्या पलीकडचे. आधी फिरत्या तंबूत आणि मग तालुक्याच्या थेटरात ऑपरेटर, मिळून एकतीस वर्षं. या धाग्यावर सगळे अर्धा आणि अख्खा असं बोलताहेत ते वाचून हसू आलं. अख्खा पाहिला असं तुम्हाला कुणी सांगितलं?

हिशेब ऐका. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी पळते. हजार फूट म्हणजे अकरा मिनिटं. आमच्याकडं दोन हजार फुटी रिळं यायची. चौदा हजार फुटी सिनेमा म्हणजे सात रिळं, दोन तास पस्तीस मिनिटं. तंबूत प्रोजेक्टर एकच, म्हणजे रीळ संपलं की अंधार, शिट्ट्या, मग पुढचं रीळ. आता जत्रेची रात्र धरा. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत लोक येतच राहतात. मालक म्हणणार, चाराच्या जागी पाच खेळ बसव. कसे बसवायचे? एक रीळ डब्यातच ठेवायचं.

कुठलं ठेवायचं हे ठरवणं हेच ऑपरेटरचं कसब. पहिलं काढता येत नाही, शेवटचं काढता येत नाही. गाण्याचं काढलं तर तंबू पेटवतील. मारामारीचं काढलं तर तुम्हालाच मारतील. मग राहतं चौथं नाहीतर पाचवं, ज्यात दोन माणसं बसून बोलत असतात. माझ्या हातून जत्रेत जे सिनेमे गेले त्यातली बोलणारी माणसं मी गप्प बसवलीत. तक्रार एकदाच आली. एक शाळामास्तर खेळ सुटल्यावर केबिनपाशी आले आणि म्हणाले, "मधलं काहीतरी राहिलं." मी म्हटलं, प्रिंटच तशी आलीय. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. ते बघणं अजून आठवतं.

तेव्हा साहेब, तुमचा जो दुसरा अर्धा होता तोही अर्धा असेलच असं नाही.

आमचा आवडता सिनेमा विचाराल तर आम्ही सिनेमा पाहिलाच नाही. केबिनच्या भोकातून पडदा दिसतो, पण नजर कांडीवर. कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्यामधली ज्योत जळत जाते तशी अंतर वाढतं, ते हातानं जुळवत राहायचं. चुकलं की पडदा पिवळा पडतो आणि शिव्या सुरू. आवाजही प्रोजेक्टरच्या खडखडाटात जायचा. माझे वस्ताद पुण्याला होते तेव्हाचं सांगायचे, विजयानंदला 'सांगत्ये ऐका' १३१ आठवडे चालला. १९५९चा, अनंत मान्यांचा. लोक 'बुगडी'साठी पुन्हा पुन्हा येत. मी विचारलं, वस्ताद, तुम्हाला आवडला का? ते म्हणाले, "प्रिंट चांगली होती, तुटायची नाही." आमची यादी अशी असते.

---

शेवटची_ओळ | सोमवार, दुपारी ४.०२

कार्बनकांडी काका, हे वाचून माझ्या वडिलांच्या सगळ्या आवडत्या सिनेमांविषयी शंका यायला लागलीय. ते जत्रेतच बघायचे. एका सिनेमाविषयी ते नेहमी म्हणतात, 'त्यात तो एकदम बदलतो बघ, कारण सांगत नाही, तेच भारी आहे.' कारण डब्यात होतं की काय?

आत्याची_भाची ताई, डावखुऱ्यांबद्दल माघार घेतो. आत्यांबद्दलही. बाकी मुद्दा कायम.

---

फेज_गेली | गुरुवार, रात्री ९.१०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

कार्बनकांडी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. तात्या सांगायचे, ऑपरेटर हा तंबूतला एकमेव माणूस ज्याला मालक "अहो" म्हणतो. त्याचं कारण आज कळलं.

शेवटची_ओळ, तुमचं म्हणणं खोटं नाही. 'माणूस'चं तर अगदी बरोबर पकडलंत. मैना तुरुंगातून येत नाही म्हणते तो प्रसंग मी परवा पुन्हा लावून पाहिला, लग्नाचं खूळ बाजूला ठेवून. आणि मला दिसलं ते असं: मी लग्न लावून दिलं ते गणपतच्या बाजूनं. तो चांगला माणूस, त्याचं भलं व्हावं, म्हणून. मैनेला काय वाटत असेल हे मी सोळा वर्षांत एकदाही मनात आणलं नाही. आईपाशी नेल्यावर ती पळ काढते ते लाइट जायच्या आधीच होऊन गेलं होतं. म्हणजे मी पाहिलं होतं! पाहूनही लाजली असेल म्हणून सोडून दिलं. तेव्हा अर्धा पाहणं हा गुन्हा नसेल, पण जो अर्धा पाहिला तो तरी मी नीट पाहिला होता का, हा प्रश्न तुमच्यामुळं पडला. 'माणूस' यादीत ठेवतोय, पण आता जो आहे तो. माझा नव्हे.

'सामना'बद्दल मात्र हटणार नाही. मारुती कांबळे कोण हे माहीत नसलेला प्रेक्षक त्या तंबूत मी एकटाच होतो आणि मास्तरइतक्याच खऱ्या मनानं तो प्रश्न विचारणाराही मीच. बाकीच्यांनी सुरुवातीपासून पाहिला होता, त्यांना गप्प बसता येत होतं.

आत्याची_भाची, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवत होतो तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "मग मला विचारा की. माझी यादी कुणी मागितली का?" आता चूक कबूल करतो. पोरानं घरातल्या माणसांच्या याद्या मागितल्या होत्या आणि मी फक्त माझी करत बसलो होतो.

म्हटलं, सांग.

म्हणाली, "टीव्हीवरचा एकही सिनेमा मी सलग पाहिला नाही. दूध, पाहुणे, तुमचा फोन आला की तुमचा डबा. पण एक आहे. 'जैत रे जैत'."

मला आठवेना आम्ही तो कधी पाहिला. ती म्हणाली, "पाहिलाच नाही मी. रेडिओवर ऐकलाय." माहेरी माळ्यावर रेडिओ होता, ती खाली जात्यापाशी. महानोरांची गाणी, हृदयनाथांच्या चाली, 'नभ उतरू आलं' लागलं की तिची आई जातं थांबवायची. त्यावरून हिनं मनात अख्खा डोंगर रचला, ठाकर रचले, राणी माशी रचली. स्मिता पाटील त्यात आहे हे तिला लग्नानंतर कळलं आणि तिच्या डोक्यातली नायिका, चिंधी, तशी नव्हती म्हणून ती जरा नाराजच झाली.

मी म्हटलं, आता घरात मोठा टीव्ही आहे, सगळं मिळतं, लावू का? ती म्हणाली, "आज नको, कणीक उरलीय." काल विचारलं, काल म्हणाली डोकं दुखतंय. आज मी रिमोट घेऊन बसलो तर म्हणाली, "तुम्ही बघा आणि सांगा."

तिची यादी पोराला पाठवली. त्यात एकच नाव आहे. त्यानं विचारलंय, पाहिलेला सिनेमा आहे ना? मी अजून उत्तर दिलेलं नाही.